पाठीवरचं बिऱ्हाड

मोबाइलचं ॲप बनवायला शिकायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो तो भाषेचा. कॉटलिन घ्यावी की जावा? की फ्लटर आणि त्यासोबतची डार्ट? आयफोनसाठी स्विफ्ट वेगळी शिकावी लागेल का? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं फारशी अवघड नाहीत. ज्याला अँड्रॉइडपासून सुरुवात करायची आहे त्याने कॉटलिन घ्यावी. जेटब्रेन्स कंपनीने ती २०११ साली जाहीर केली, २०१६च्या फेब्रुवारीत तिची १.० आवृत्ती आली, २०१७च्या मे महिन्यात गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ साली तर गूगलनेच सांगून टाकलं, की नवं ॲप लिहायला घेणार असाल तर कॉटलिनमध्येच लिहा. भाषेच्या निवडीचा विषय माझ्या मते इथेच संपतो.

कॉलेजात सी किंवा जावा घासून झालेल्या माणसाला कॉटलिनचं व्याकरण जड जात नाही. ‘व्हॅल’ लिहिलं की ठेवलेली किंमत बदलायची नाही, ‘व्हार’ लिहिलं की बदलता येते, ‘फन’पासून फंक्शन सुरू होतं, ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला नाही तरी कुणी रागावत नाही. काही आठवड्यांत हात बसतो. लूप लिहिता येतं, क्लास लिहिता येतो, याद्या चाळता येतात. गाडं अडतं ते नेमकं यानंतर. भाषा येते आणि ॲप येत नाही.

उदाहरणच घेऊ. पहिलं ॲप म्हणून दुधाच्या रतिबाचा हिशेब करायला घेतला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात, जे पेनाने लिहिलं जातं तेच फोनवर आणायचं: आज दीड लिटर, उद्या एक, परवा खाडा. महिनाअखेर बेरीज करायची आणि भावाने गुणायचं. याहून सोपं गणित सापडणार नाही. दोन-तीन संध्याकाळी बसलं की ॲप तयार होतं, चालतंही. मग एक दिवस वापरणारा मागे जाऊन १२ तारीख निवडतो, कारण त्या दिवशीची नोंद राहून गेलेली असते. तेवढ्यात तो सोफ्यावर कलंडतो, फोन आडवा होतो, पडदा फिरतो. तो दीड लिटर लिहितो, ॲप ते मुकाट्याने घेतं. नोंद पडते आजच्या तारखेवर. १२ तारीख कोरीच राहते. कुठे एरर नाही, क्रॅश नाही. कोड पुन्हा पुन्हा वाचला तरी एकही ओळ चुकीची सापडत नाही. निवडलेली तारीख व्हेरिएबलमध्ये ठेवली होती, ती तिथून वाचली, संपलं.

ओळी बरोबर आहेत, त्यांच्यामागचं गृहीतक चुकलेलं आहे. व्याकरणासोबत आपण नकळत आणखी एक गोष्ट शिकून बसलेलो असतो, ती अशी की प्रोग्रॅम हा स्वतःचा मालक असतो: कधी सुरू व्हायचं, कुठे थांबायचं, कधी संपायचं हे त्याचं तो ठरवतो. फोनवर हे खरं नाही. अँड्रॉइड शिकणं म्हणजे मुख्यतः ही मालकीची सवय सोडणं, असं मला वाटतं, आणि कॉटलिनमधल्या ज्या गोष्टी नवख्याला आधी नखरे वाटतात त्यांचा अर्थही याच बाजूने पाहिलं की लागतो.

मुळात ही सवय लागते कुठून? १९७८ साली कर्निघन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक आलं आणि ‘हॅलो, वर्ल्ड’ छापणारा त्यातला चिमुकला प्रोग्रॅम जगभरच्या विद्यार्थ्यांचा श्रीगणेशा झाला. त्यात ‘मेन’ नावाचं फंक्शन असतं. प्रोग्रॅम तिथे सुरू होतो, ओळीमागून ओळ चालतो आणि ‘मेन’ संपलं की संपतो. मध्ये एखादा आकडा हवा असेल तर तो विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत ठाण मांडून बसतो. आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये टर्बो सीचा निळा पडदा ज्यांनी पाहिला आहे त्यांना शेवटची ती ‘गेट-सीएच’ची ओळ आठवेल. काम संपलं तरी एखादी कळ दाबेपर्यंत निकालाचा पडदा हटू नये म्हणून ती घालायची. प्रोग्रॅमला निघायचं नाही म्हणून साऱ्यांनी थांबायचं! या सत्तेवर परीक्षेत कधी प्रश्न येत नाही, कारण ती सत्ता आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

अँड्रॉइडचा कोरा प्रोजेक्ट उघडून ‘मेन’ शोधायला गेलं तर सापडत नाही. सापडतो तो ‘ॲक्टिव्हिटी’ नावाचा क्लास, म्हणजे ॲपची एक स्क्रीन, आणि तिच्यात ‘ऑन-क्रिएट’ नावाचं फंक्शन. त्याला कोण बोलावतं? आपल्या कोडमध्ये तर कुणीच नाही. ‘मेन’ असतं, पण ते अँड्रॉइडच्या स्वतःच्या पोटात. फोन सुरू होतानाच ‘झायगोट’ नावाची एक प्रोसेस उभी राहते. जवळजवळ प्रत्येक ॲपला लागणारं सामान तिच्यात आधीच भरलेलं असतं. आयकॉनवर बोट टेकलं की सिस्टीम या झायगोटची एक प्रत काढते आणि आपला कोड तिच्यात आणून बसवते. ‘मॅनिफेस्ट’ नावाच्या फाइलमध्ये आपण लिहून दिलेलं असतं, की माझ्याकडे अमुक स्क्रीन आहेत, सुरुवात हिच्यापासून करा. सिस्टीम ते वाचते, त्या स्क्रीनचा ऑब्जेक्ट स्वतः घडवते आणि मग त्याला एकेक हाक मारत जाते. ऑन-क्रिएट, ऑन-स्टार्ट, ऑन-रिझ्यूम या येतानाच्या हाका. ऑन-पॉज, ऑन-स्टॉप, ऑन-डिस्ट्रॉय या जातानाच्या. आपण लिहायची ती या हाकांना द्यायची उत्तरं. या सहा नावांची आकृती प्रत्येक पुस्तकात असते आणि मुलं ती मुलाखतीसाठी पाठ करतात. पण हाक कधी येईल हे आपल्या हातात नाही, एवढी एक गोष्ट त्या आकृतीत डोळ्यांना दिसत नाही.

तारखेचा घोळ आता उलगडतो. फोन आडवा झाला की अँड्रॉइड समोरची स्क्रीन नुसती ताणून आडवी करत नाही. तो ती मोडतो आणि नवी बांधतो. जुन्या ऑब्जेक्टला जातानाच्या सगळ्या हाका मिळतात, मग नवा ऑब्जेक्ट तयार होतो आणि पुन्हा ऑन-क्रिएटपासून सुरुवात होते. १२ तारीख जुन्या ऑब्जेक्टच्या व्हेरिएबलमध्ये होती, ती त्याच्याबरोबर गेली. नव्याने आपल्या कोडनुसार आजची तारीख धरली. हा उद्योग वेडगळ वाटतो, पण त्यामागे विचार आहे. आडव्या पडद्याची मांडणी उभ्याहून वेगळी असू शकते, आणि ‘कोणती मांडणी, कोणती चित्रं, कोणत्या भाषेतला मजकूर’ हे सगळं स्क्रीन बांधतानाच निवडलं जातं. फोनची भाषा इंग्रजीची मराठी केली किंवा रात्रीची काळी थीम लावली तरी म्हणूनच स्क्रीन नव्याने बांधली जाते. ऑक्टोबर २००८मध्ये बाजारात आलेला पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, आठवून पाहा: त्याचा पडदा सरकवला की खालून खराखुरा कीबोर्ड बाहेर यायचा आणि दृश्य आडवं व्हायचं. म्हणजे काही टाइप करायला घेतलं की मोडतोड ठरलेली. ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांच्या लेखी स्क्रीन मरणं ही रोजची बाब होती.

इथे नवखा माणूस एक पळवाट काढतो आणि ती सगळ्यांना आपोआप सापडते. मॅनिफेस्टमध्ये एक ओळ घालायची: हे ॲप कायम उभंच राहील. घोळ मिटतो, महिना-दोन महिने सुखाने जातात. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर तोच प्रकार घडतो, आणि या वेळी फोन आडवा झालेलाच नसतो.

एचटीसी ड्रीमची मेमरी होती १९२ एमबी. एवढ्यात सिस्टीम, फोन, संदेश, ब्राउझर आणि वर माणसाने घातलेली ॲप्स. संगणकात मेमरी भरली तर तिचा काही भाग डिस्कवर उतरवून ठेवतात. फोनमधली फ्लॅश साठवण सतत लिहिण्याने झिजते, म्हणून अँड्रॉइडने ती वाट धरली नाही. त्याने सरळ नियम केला: जागा कमी पडली की ज्याची गरज सगळ्यात कमी त्याची प्रोसेस बंद. समोर दिसणारं ॲप शेवटपर्यंत राखायचं, मागे गाणी वाजवत असलेलं त्याच्या खालोखाल, आणि नजरेआड नुसतं पडून असलेल्याचा नंबर पहिला. यातली बोचरी गोष्ट अशी, की पडद्याआड गेलेल्या ॲपची प्रोसेस बंद करताना सिस्टीम त्याला हाक मारायला बांधील नाही. ऑन-डिस्ट्रॉय येईल, तेव्हा आवराआवर करू, असं म्हणून बसलेल्याला ती हाक ऐकूच येत नाही.

रतिबाच्या ॲपमध्ये १२ तारखेवर असताना व्हिडिओ कॉल येतो, किंवा दूधवाल्याच्या बिलाचा फोटो घ्यायला कॅमेरा उघडला जातो. कॅमेरा मेमरीचा मोठा खादाड. फोन साधा, दोन जीबीचा असेल तर आपलं ॲप तेवढ्यात गेलेलं असतं. पण अलीकडे वापरलेल्या ॲप्सच्या यादीत ते अजून दिसतंच. माणूस त्यावर बोट ठेवतो, सिस्टीम नवी प्रोसेस काढून तीच स्क्रीन पुन्हा उभी करते, आणि त्याची अपेक्षा रास्तच असते की आपण होतो तिथेच असू. त्याच्या लेखी ॲप एक आहे, सलग आहे. यंत्राच्या लेखी त्या दरम्यान एक मरण आणि एक जन्म होऊन गेलेला आहे. ॲप लिहिणाऱ्याकडे बहुधा बारा जीबीचा फोन असतो, त्यामुळे हे सारं त्याला दिसतच नाही. बग नेहमी दुसऱ्यांच्याच फोनवर, आणि तोही स्वस्तातल्या फोनवर. ‘माझ्याकडे तर नीट चालतंय’ हे वाक्य म्हणूनच या धंद्यात इतकं ऐकू येतं.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, अशी आपली म्हण आहे. फोनवरच्या ॲपला तसंच राहावं लागतं. ऊठ म्हटलं की उठायचं, जिथे जागा मिळेल तिथे पुन्हा मांडायचं, आणि घरच्यांना हललेलं कळूही द्यायचं नाही. या बिऱ्हाडासाठी अँड्रॉइड एक गाठोडं देतो, त्याला ‘बंडल’ म्हणतात. स्क्रीन पडद्याआड जाताना सिस्टीम विचारते, की परत आल्यावर काय काय लागेल ते यात बांधून दे. ते गाठोडं सिस्टीम स्वतःकडे ठेवते, म्हणून प्रोसेस गेली तरी ते राहतं. पण त्याचा आकार बेताचा. प्रोसेसमधून प्रोसेसकडे माल नेणारी जी वाट आहे तिच्यावर एका वेळी सुमारे एक एमबीच मावतं, आणि तेही सगळ्यांत वाटून. वर्षभराच्या नोंदी त्यात कोंबायला गेलं तर ॲप कोसळतं.

मग बांधायचं काय? महिन्याची बेरीज बांधायची नाही, ती नोंदींवरून पुन्हा करता येते. नोंदी बांधायच्या नाहीत, त्यांची जागा डेटाबेसमध्ये, म्हणजे फोनच्या साठवणीत. त्यासाठी एसक्यूलाइट हे चिमुकलं इंजिन अँड्रॉइडमध्ये सुरुवातीपासून आहे आणि त्यावर ‘रूम’ नावाचा सोपा थर मिळतो. बांधायची ती फक्त निवडलेली तारीख आणि चौकटीत अर्धवट लिहिलेला आकडा. जे दुसरीकडून मिळवता येणार नाही तेवढंच. हे वेगळं काढता येणं ही मला कोणत्याही व्याकरणाहून मोठी विद्या वाटते, कारण त्यासाठी आपलं ॲप नेमकं काय जाणतं आणि काय नुसतं दाखवतं हे स्वतःला विचारावं लागतं.

स्क्रीनमधलं व्हेरिएबल आणि गाठोडं या दोन्हींच्या मधली एक जागाही आहे, आणि तिने अनेकांना चकवलंय. २०१७ साली गूगलने ‘व्ह्यूमॉडेल’ आणलं. स्क्रीन मोडून बांधली तरी ते टिकतं, त्यामुळे फोन आडवा-उभा करून पाहणाऱ्याला वाटतं, सुटलो. पण व्ह्यूमॉडेल प्रोसेसच्या आतच राहतं. प्रोसेस गेली की तेही गेलं. फिरवण्याच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणारं ॲप व्हिडिओ कॉलनंतर कोरं होतं ते यामुळे.

आता भाषेकडे परत येऊ, कारण इथे भाषा आणि हा बिऱ्हाडाचा मामला एकाच ओळीत भेटतात. ऑन-क्रिएटची जी ओळ प्रत्येक नवखा पहिल्याच दिवशी उतरवून घेतो, तिच्या कंसात ते गाठोडं आलेलं असतं आणि त्याच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह असतं: ‘बंडल?’. कॉटलिनमध्ये हे प्रश्नचिन्ह म्हणजे ‘असेल किंवा नसेल’. गाठोडं नसेल तर ॲपचा हा पहिला जन्म. असेल तर आपण यापूर्वी इथे होतो आणि सामान मांडायचं आहे. सगळा सिद्धान्त त्या एका चिन्हात बसलेला आहे, आणि बहुतेक जण ते टाइप करून पुढे जातात.

‘नसण्या’चा इतिहास मोठा आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५मध्ये अल्गॉल डब्ल्यू ही भाषा घडवताना ‘नल’ संदर्भ आणला, म्हणजे कशाहीकडे बोट न दाखवणारा संदर्भ, कारण तो अमलात आणायला सोपा होता. २००९ साली एका भाषणात त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. जावाने नल जसाच्या तसा घेतला. एखादी वस्तू आहे असं समजून तिला काम सांगायचं, ती नसायची आणि प्रोग्रॅम कोसळायचा. एकाच मालकाच्या घरात हे निभावून जाई, कारण काय कधी तयार झालं हे त्याला ठाऊक असे. दर थोड्या वेळाने मोडणाऱ्या आणि बांधल्या जाणाऱ्या स्क्रीनमध्ये ‘आहे असं समजून’ हे शब्दच धोक्याचे. कॉटलिन नल नाहीसा करत नाही. नल कुठे येऊ शकतो हे ती प्रकारातच लिहायला लावते, आणि जिथे प्रश्नचिन्ह आहे तिथे ‘नसेल तर काय’ हे सांगितल्याशिवाय कम्पायलर पुढे जाऊ देत नाही. ते सांगायला प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखे दोन ठिपके असं एक चिन्ह आहे. मान वाकडी करून पाहिलं तर एल्व्हिस प्रेस्लीच्या केसांचा कोंबडा दिसतो म्हणून त्याला एल्व्हिस म्हणतात. आणि दोन उद्गारचिन्हांचं दुसरं एक आहे, ‘असणारच, मी सांगतो’ म्हणणारं, दिसायलाही ओरडल्यासारखं. शिकवण्या घेणाऱ्यांनी ते पहिले सहा महिने दाखवूच नये असं माझं मत आहे.

रतिबात याचा उपयोग कसा होतो पाहा. जावामध्ये क्लासच्या ‘डबल’ प्रकारच्या व्हेरिएबलला किंमत दिली नाही तर ती आपोआप शून्य धरली जाते. म्हणजे ज्या दिवसाची नोंद करायची राहिली तो दिवस गुपचूप खाडा होतो आणि दूधवाल्याचे पैसे बुडतात. कॉटलिनमध्ये त्या दिवसाचा प्रकार ‘डबल?’ ठेवला तर शून्य म्हणजे खाडा आणि नल म्हणजे नोंद नाही, हे दोन वेगळे राहतात. बेरीज करायला गेलं की कम्पायलर अडवतो: नोंद नसेल तर किती धरू? याचं उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. ते घरात विचारावं लागतं. पुष्कळ घरी फक्त खाडे आणि जादा दूध लिहितात. कोरा चौकोन म्हणजे नेहमीचं एक लिटर. काही घरी रोज लिहितात. तिथे कोरा चौकोन म्हणजे विसरलेला दिवस, आणि ॲपने तो दाखवून विचारायला हवं. कम्पायलरने अडवलं नसतं तर हा प्रश्न महिनाअखेरीस दारात, दूधवाल्यासमोर उभा राहिला असता.

जागा आपली नाही तशीच वेळही आपली नाही. ॲपमध्ये पडदा रंगवणं आणि बोटांचे स्पर्श घेणं हे सगळं एकाच धाग्यावर चालतं, त्याला मेन थ्रेड म्हणतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. आपलं फंक्शन तेवढ्यात परतलं नाही तर पडदा अडखळतो. स्पर्शाला पाच सेकंद उत्तर मिळालं नाही तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी येते आणि ते बंद करण्याचं बटण माणसाच्या हाती दिलं जातं. टर्बो सीमधला तो ठाण मांडून बसलेला प्रोग्रॅम इथे पाच सेकंदही टिकत नाही. २०११च्या अँड्रॉइड ३.० पासून तर मेन थ्रेडवरून थेट इंटरनेटला हात घातला तर ॲप तिथल्या तिथे कोसळवलं जातं. सवय लागूच नये म्हणून.

मग वाट पाहायची कशी? दुधाचा भाव सर्व्हरवरून आणायचा आहे, नेटवर्क मंद आहे. जुनी रीत अशी, की काम दुसऱ्या धाग्यावर टाकायचं आणि झालं की कळव म्हणून निरोप ठेवायचा. असे निरोप एकात एक गुंतत गेले की कोड वाचवत नाही. कॉटलिनने २०१८च्या १.३ आवृत्तीत ‘कोरूटीन’ पक्की केली. कल्पना तशी म्हातारी. मेल्विन कॉन्वे यांनी हा शब्द १९५८मध्ये वापरला आणि १९६३च्या लेखात मांडला. संस्थेची रचना जशी तशी तिची प्रणाली बनते असा नियम ज्यांच्या नावाने सांगतात तेच हे कॉन्वे. फंक्शनपुढे ‘सस्पेंड’ लिहिलं की ते फंक्शन कबूल करतं, की मी मध्येच थांबेन, धागा दुसऱ्यांना मोकळा करून देईन आणि उत्तर आलं की सोडलं तिथून पुढे जाईन. कोड मात्र वरून खाली, साध्या ओळींत लिहिता येतो.

पण मला यातला जास्त मोलाचा भाग दुसरा वाटतो. कोरूटीन कुणाच्या तरी आश्रयानेच सुरू करावी लागते, आणि आश्रयदाता गेला की ती रद्द होते. व्ह्यूमॉडेलच्या आश्रयाने भाव आणायला गेलेली कोरूटीन ते व्ह्यूमॉडेल संपताच थांबवली जाते. नसलेल्या स्क्रीनवर भाव लिहायला ती परत येत नाही. हे रद्द होणंही जबरदस्तीचं नसतं. थांबण्याच्या जागी तिला सांगितलं जातं, आणि तिने निमूटपणे निघायचं असतं. इथे अनुभवी माणसंही फसतात. ‘काहीही चुकलं तरी पकड आणि पुढे चल’ असा जाळीवजा कोड लिहिला की निघण्याचा हा निरोपसुद्धा त्या जाळीत अडकतो, आणि रद्द झालेलं काम भुतासारखं चालू राहतं. मालकीची सवय अशी भलत्या जागी डोकं वर काढते.

परवानग्यांचं काय ते दोन वाक्यांत सांगतो. २०१५च्या अँड्रॉइड ६.० पासून कॅमेरा किंवा ठिकाण वापरायचं तर चालू ॲपमध्ये माणसाला विचारावं लागतं, आणि दिलेली परवानगी तो केव्हाही काढून घेऊ शकतो; म्हणून काल हो म्हटलं होतं या भरवशावर राहायचं नाही, दर वेळी पाहायचं. आणि आयफोनवाल्यांनी हसू नये. स्विफ्टचं व्याकरण वेगळं असलं तरी पडद्याआड गोठवलेलं ॲप आयओएससुद्धा न सांगता काढून टाकते.

२०२१च्या जुलैमध्ये ‘जेटपॅक कम्पोज’ची १.० आवृत्ती आली आणि पडदा बांधण्याची पद्धत पार बदलली. आता स्क्रीन म्हणजे एक फंक्शन: माहिती द्या, चित्र घ्या. माहिती बदलली की कम्पोज ते फंक्शन पुन्हा बोलावतं. किती वेळा बोलावेल, कोणत्या क्रमाने, की बदल नाही म्हणून वगळेलच, याची हमी नाही. म्हणजे पूर्वी निदान फंक्शन एकदा चालेल एवढं तरी आपल्या हाती होतं, तेही गेलं. अशा फंक्शनच्या आत एखादा मोजणीचा आकडा वाढवला तर तो मनाला येईल तसा वाढतो. यात ‘रिमेम्बर’ आणि ‘रिमेम्बर सेव्हेबल’ अशी दोन नावं शेजारी शेजारी भेटतात. पहिलं स्क्रीन मोडली की विसरतं, दुसरं गाठोड्यात बांधून ठेवतं. रतिबाच्या ॲपमधल्या तारखेच्या व्हेरिएबलची गत पहिल्यासारखीच होती. ज्याला आधीची सारी गोष्ट ठाऊक आहे त्याला या दोघांतला फरक एका वाक्यात कळतो. ज्याला नाही, तो एक चाललं नाही तर दुसरं लावून पाहतो.

शिकणाऱ्याला म्हणून मी एकच खोड लावायला सांगेन. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ असा खटका आहे. तो लावला की नजरेआड गेलेली प्रत्येक स्क्रीन सिस्टीम लगेच मोडते. प्रोसेस त्याने मरत नाही, ती संगणकावरून एक आज्ञा देऊन वेगळी मारावी लागते. पण रोज या खटक्यासह काम केलं तरी निम्मे घोळ आपल्याच फोनवर, लिहिल्या दिवशीच पकडले जातात. पहिले काही दिवस ॲप असह्य होतं. मग हळूहळू त्याचं रूपच पालटायला लागतं.

रतिबाच्या ॲपमधलं ‘सेव्ह’ बटण, उदाहरणार्थ, नाहीसं होतं. बटण दाबेपर्यंत नोंद हवेत ठेवायची ही कल्पना, ‘बटण दाबलं जाईल तेव्हा आपण असूच’ या भरवशावर उभी होती. आता आकडा लिहून बोट चौकटीबाहेर गेलं की तो थेट डेटाबेसमध्ये. बोट अजून चौकटीत असेल तर तो मसुदा, त्याची जागा गाठोड्यात. नाहीतर दीड लिहायला घेतलेल्या माणसाला ‘१’ टाइप करताच फोन आला तर हिशेबात एक लिटरच पडायचं. वापरणारे मात्र विचारतात, सेव्ह कुठे करायचं? म्हणून खाली काही सेकंद एक पट्टी दाखवायची: ‘१२ तारीख, दीड लिटर, नोंद झाली’, आणि शेजारी ‘मागे घ्या’. ती पट्टी दिसत असतानाच ॲप गेलं तर? मागे न घेतलेली नोंद राहायला हवी. म्हणून आधी लिहायचं आणि मग मागे घेऊ द्यायचं. पट्टी मावळल्यावर लिहू, असा क्रम ठेवला तर ते काही सेकंद आपले आहेत असं आपण पुन्हा धरून चाललेलो असतो.